बाळबोध अक्षर आणि बाळाचें पुस्तक

सायंकाळची वेळ आहे. दिवेलागण नुकतीच झाली आहे. सात वर्षांचें एक मूल नवें गोष्टीचें पुस्तक मांडीवर घेऊन, ओळीखालून बोट फिरवीत मोठ्यानें वाचीत आहे. दोन ओळी सुरळीत जातात. तिसऱ्या ओळींत बोट थबकतें. ‘धन’ हा शब्द ‘घन’ असा वाचला जातो. पुढें ‘भात’ या शब्दाचा ‘मात’ होतो. आणि ओळीच्या शेवटास पोंचलेलें बोट पुढच्या ओळीवर न येतां एक ओळ गाळून तिच्याखालच्या ओळीवर उतरतें. जवळ बसलेले वडील म्हणतात, “अरे, नीट पाहून वाच!” मूल पुन्हां पाहतें, पुन्हां चुकतें, आणि थोड्या वेळानें पुस्तक मिटून खेळावयास निघून जातें. “याला वाचनाची गोडीच नाहीं,” असा निकाल घरांत लागतो.

हा निकाल पुष्कळ वेळां अन्यायाचा असतो. मुलानें नीट पाहिलेलें असतें. पण जें पहावयाचें तें पानावर नीट छापलेलेंच नसतें. अपराध पुस्तकाचा आणि शिक्षा मुलाला, असा प्रकार सुशिक्षित घरांतूनहि नित्य घडतो व तो कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. मुलांच्या पुस्तकाची भाषा सोपी असावी, हें सर्वांस पटतें. चित्रें सुरेख असावीं, हेंहि पटतें. परंतु अक्षर कोणत्या वळणाचें, किती मोठें, दोन ओळींत अंतर किती, ओळ कोठें तोडावी, हाहि शिकण्याचा आणि शिकविण्याचा विषय आहे, ही जाणीव त्या मानानें फार थोड्यांस असते.

मराठींत देवनागरी लिपीला फार दिवसांपासून ‘बाळबोध’ म्हणतात. दफ्तरांतून चाले ती मोडी. ती हात न उचलतां झरझर लिहावयाची, कारकुनाच्या सोईची. तिच्या उलट बाळबोध. हिचीं अक्षरें सुटीं, पूर्ण आणि स्वच्छ. नुकत्याच शिकूं लागलेल्या मुलासहि बोध व्हावा अशीं. ज्या लिपीचें नांवच बाळावरून पडलें, त्या लिपींत खास बाळासाठीं छापलेलें पानच बाळाला लागूं नये, याहून मोठी विसंगति कोणती?

याचें मूळ मोठ्या माणसाच्या डोळ्यांत आहे. वाचनांत मुरलेला मनुष्य अक्षरें एकेक करून पाहत नाहीं. शब्दाचा आकार ओळखीचा असतो, वाक्याचा ओघ ठाऊक असतो, आणि डोळा टप्प्याटप्प्यानें उड्या घेत पुढें जातो. एखादी मात्रा तुटली असली किंवा एखाद्या अक्षराचें पोट शाईनें भरलें असलें, तरी मन तें न कळत दुरुस्त करून घेतें. मुलाजवळ ही शिदोरी नसते. तें अक्षर ओळखतें, त्याला काना किंवा वेलांटी लावतें, पुढचें अक्षर ओळखतें, मग दोन्ही जोडून उच्चार करून पाहतें आणि त्या उच्चारावरून अर्थ शोधतें. यांतील एक दुवा निखळला, कीं सारी सांखळी तुटते. म्हणजे छपाईचा जो दोष मोठ्याला दिसतहि नाहीं, तोच मुलाच्या वाटेंतला धोंडा ठरतो. आणि पुस्तकें सजविणारे, छापणारे व विकत घेणारे तर सारे मोठेच!

म्हणून बालपुस्तकांची मांडणी शिकवावयाची झाली, तर पहिला पाठ हा स्वतःची वाचनाची सवय विसरण्याचा असला पाहिजे. त्यासाठीं एक साधा उपाय आहे. वर्गांतील विद्यार्थ्यांस कधींहि न शिकलेली एखादी लिपि, उदाहरणार्थ कानडी, आठ दिवस शिकण्यास सांगावी आणि नंतर त्या लिपींतील पहिलीच्या पुस्तकाचें एक पान सर्वांसमोर मोठ्यानें वाचावयास लावावें. वीस-बावीस वर्षांचा तरुण मग बोट ठेवून वाचूं लागतो, ओळ चुकतो, दोन सारख्या दिसणाऱ्या अक्षरांत गोंधळतो आणि कपाळावरचा घाम पुसतो. लहान मुलाच्या अडचणी व्याख्यानानें जितक्या समजणार नाहींत, तितक्या या अर्ध्या तासांत समजतात.

महाराष्ट्रांत अक्षरें घडविण्याची विद्या नवी नाहीं. बंगालमधील श्रीरामपूर येथें १८०५ सालीं विल्यम केरीचें मराठी व्याकरण छापलें गेलें, त्यांत देवनागरी खिळे वापरले होते. पुढें मुंबईंत अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत टॉमस ग्रॅहॅम यानें देवनागरी ठसे तयार केले. गणपत कृष्णाजींनीं आरंभीं शिळाछापावर व नंतर खिळ्यांवर काम केलें. आणि जावजी दादाजी चौधरी यांनीं १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढून, राणोजी रावजी आरू यांच्या हातच्या ठशांच्या बळावर, देवनागरी मुद्रणास जें रूप दिलें तें हिंदुस्थानभर नांवाजलें गेलें. या मंडळींची शाळा म्हणजे छापखानाच होता. जावजींनीं स्वतः लहानपणीं मिशनच्या छापखान्यांत हाताखालीं राहून विद्या मिळविली. उमेदवारानें उस्तादाशेजारीं बसावें, कानस धरावी आणि पाहून पाहून शिकावें, हीच रीत होती.

शिक्षणसंस्थांतून हा विषय आला तो बराच उशिरां. मुंबईचें सर जमशेटजी जीजीभाई कलाविद्यालय १८५७ सालचें. परंतु तेथें व्यापारी चित्रकलेचा स्वतंत्र विभाग निघाला तो १९३५ सालीं. पवईच्या तंत्रविद्यासंस्थेंत १९६९ सालीं इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर स्थापन झालें. जे. जे. मध्येंच शिकलेले कवि व अक्षरकार रघुनाथ कृष्ण जोशी यांनीं तेथें १९८३ पासून १९९६ पर्यंत अध्यापन केलें आणि भारतीय लिप्यांच्या अक्षररचनेकडे तरुणांची एक पिढी वळविली. त्यापूर्वीं १९७१ सालीं बापूराव नाईक यांचा देवनागरी मुद्राक्षरांवरील तीन खंडांचा इंग्रजी ग्रंथ राज्याच्या भाषा संचालनालयानें प्रसिद्ध केला होता. म्हणजे हा विषय शिकविण्यास आधार नाहीं असें नव्हे. उणीव आहे ती ही विद्या मुलाच्या पानापर्यंत नेऊन पोंचविण्याची.

तेथपर्यंत ती पोंचवावयाची तर विद्यार्थ्यास काय काय शिकावें लागतें? आरंभ लेखणीपासून होतो. देवनागरीचें मूळ वळण बोरूचें आहे. बोरूचें टोंक तिरकें कापलेलें असतें; त्यामुळें हात एका दिशेनें गेला कीं रेघ जाड उमटते आणि दुसऱ्या दिशेनें गेला कीं बारीक. जुन्या पोथ्यांची शोभा या जाड-बारीकपणांत आहे. विद्यार्थ्यानें बोरू स्वतः कापून हातानें वळण गिरवावें, म्हणजे अक्षराचा कोणता भाग मुख्य व कोणता गौण हें हाताला कळतें. पण लगेच दुसरी गोष्टहि कळली पाहिजे. आजचें मूल बोरूनें लिहीत नाहीं. तें पेन्सिलीनें लिहितें आणि पेन्सिलीची रेघ सर्वत्र सारखी जाड असते. ज्या वळणांत जाड रेघ फार जाड आणि बारीक रेघ केसासारखी, तें वळण निमंत्रणपत्रिकेवर शोभतें. मुलाला मात्र त्यांत आपण गिरविलेलें अक्षर सांपडत नाहीं. शिवाय हलक्या कागदावर ती केसासारखी रेघ अर्धी उमटते, अर्धी गळते. म्हणून मुलांसाठीं रेघांतील फरक माफक असलेलें वळण निवडावें.

यानंतर येतो अक्षराच्या पोकळीचा विचार. नवशिका काळें तेवढें पाहतो. जाणता काळ्याच्या आंतलें पांढरेंहि पाहतो. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ या जोड्या घ्याव्या. शिरोरेषा आरंभीं सलग आहे कीं तुटलेली, एवढ्या खुणेवर यांतील भेद मुख्यतः टिकून आहे. ती फट मोठ्या अक्षरांत ठळक दिसते. अक्षर लहान झालें किंवा शाई पसरली, कीं ती बुजून जाते, आणि ‘धन’ या शब्दाचा ‘घन’ होतो. तसेंच ‘ब’ या अक्षराच्या पोटांतली रेघ पुसट झाली कीं ‘व’ उरतो, ‘ष’ या अक्षरांतली गेली कीं ‘प’. ‘ख’ हें अक्षर पूर्वीं ‘र’ आणि ‘व’ शेजारीं ठेवल्यासारखें दिसे, आणि ‘खाना’ कीं ‘रवाना’ असा घोटाळा होई. पुढें त्याचे दोन्ही भाग तळाशीं जोडले गेले आणि तंटा मिटला. वळणांत केलेली एवढीशी सुधारणा किती पिढ्यांचे श्रम वांचविते, याचें हें बोलकें उदाहरण आहे. यासाठीं विद्यार्थ्यानें कोणतेंहि वळण निवडण्यापूर्वीं या फसव्या जोड्या त्याच आकारांत आणि त्याच कागदावर छापून पहाव्या. पडद्यावर मोठें करून पाहिलेलें अक्षर हा पुरावा नव्हे.

तिसरी गोष्ट उंचीची. रोमन अक्षर आणि देवनागरी अक्षर यांच्या घडणींत मोठा भेद आहे. देवनागरीची ओळ म्हणजे तीन मजल्यांचें घर होय. मधल्या मजल्यावर मूळ अक्षर. वरच्या मजल्यावर मात्रा, वेलांटी, रफार व अनुस्वार. खालच्या मजल्यावर उकार, ऋकार आणि कांहीं जोडाक्षरांचे पाय. शिशाच्या खिळ्यांच्या काळांत हे तिन्ही मजले एकाच मापांत बसवावे लागत. त्यामुळें बारा पॉइंटांचें इंग्रजी अक्षर आणि बारा पॉइंटांचें देवनागरी अक्षर शेजारीं ठेविलें, तर देवनागरीचा मधला मजला बहुधा लहान भरतो. टाइपाचें नांव तेंच, पण डोळ्यास दिसणारें अक्षर धाकटें! इंग्रजी बालपुस्तकांचें माप जसेंच्या तसें उचलणारा येथें फसतो. विद्यार्थ्यानें पॉइंटांच्या आंकड्यावर विसंबून न राहतां प्रत्यक्ष ‘क’ किंवा ‘म’ किती उंच छापला जातो, हें मोजपट्टीनें मोजलें पाहिजे.

याच तीन मजल्यांमुळें ओळींतील अंतराचा प्रश्न उभा राहतो. पूर्वीं जुळारी दोन ओळींमध्यें शिशाच्या पट्ट्या घालीत; आतां संगणकावर एका आंकड्यानें तें अंतर ठरतें. अंतर कमी पडलें, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीस जाऊन भिडतो. आणि मूल खालचा उकार वरच्या ओळीचा कीं वरची मात्रा खालच्या ओळीची, या विवंचनेंत पडतें. अंतर पुरेसें असेल, तर ओळींमधून पांढरा पट्टा सरळ दिसतो आणि बोटाला जणूं रुळलेली पाऊलवाट मिळते. मूल ओळ गाळतें तें पुष्कळदां ही पाऊलवाट नसल्यामुळेंच. विद्यार्थ्याकडून एक प्रयोग करवावा: ‘मूर्ती’, ‘कृपा’, ‘झुंबर’, ‘खिडकी’, ‘मैत्रीण’ असे वरखालीं पसरणारे शब्द एकाखालीं एक येतील असें वाक्य घेऊन, अंतर थोडें थोडें वाढवीत पांच-सहा पानें छापावीं आणि तीं भिंतीवर ओळीनें लावावीं. टक्कर कोठें थांबते आणि ओळी एकमेकींपासून विलग कोठें वाटूं लागतात, हें डोळाच सांगतो.

चौथा आणि सर्वांत नाजूक विषय जोडाक्षरांचा. ‘क्त’, ‘द्ध’, ‘द्य’, ‘ह्म’, ‘श्र’ यांसारख्या जोडाक्षरांचीं घटक अक्षरें मुलाला ओळखूं येतीलच असें नाहीं. तीं त्याला नवीं अक्षरें म्हणूनच शिकावीं लागतात. तेव्हां वाचनपाठांत जें रूप शिकविलें, तेंच गोष्टीच्या पुस्तकांत आलें पाहिजे. पण यंत्रांनीं येथें फार धुमाकूळ घातला. हातजुळणीच्या काळीं शेंकडों खिळ्यांच्या केसी भरलेल्या असत आणि प्रत्येक जोडाक्षरास त्याचा खिळा मिळे. पुढें जुळणीयंत्रें आलीं. त्यांत जागा मोजक्या, म्हणून कित्येक जोडाक्षरें हलन्त चिन्ह देऊन मोडावीं लागलीं. संगणकानें ती अडचण दूर केली असली, तरी निष्काळजीपणाची अडचण कायम आहे. एका कथेंत एके ठिकाणीं उभें जोडाक्षर आणि पुढच्या पानावर तेंच पाय मोडून लिहिलेलें, असें आजहि पहावयास मिळतें. दोन्ही रूपें शुद्ध असतील. पण मुलाला तीं दोन निरनिराळीं अक्षरें वाटतात.

त्यांतहि ‘र’ हा मोठा बहुरूपी. ‘सूर्य’ या शब्दांत तो डोक्यावर बसतो, ‘चक्र’ या शब्दांत पायाशीं तिरका होतो, ‘ट्रक’ या शब्दांत घराच्या छपरासारखा दिसतो, आणि ‘दुसऱ्या’ या शब्दांत आडव्या चंद्रकोरीसारखा पुढच्या अक्षरास बिलगतो. हें शेवटचें रूप मराठीचें खास आहे आणि त्यावर अर्थ अवलंबून असतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांतील खोल जागा. ‘आचार्यास’ म्हटलें तर गुरु आणि ‘आचाऱ्यास’ म्हटलें तर स्वयंपाकी! मराठीचा अभ्यास न करतां तयार केलेल्या टाइपांत हें रूप एक तर नसतेंच, किंवा छापतांना मोडतें. ज्या मुलाची वाट दऱ्यांतून जावयाची, ती अशा पुस्तकांत दर्यांतून जाते, आणि गोष्ट न कळल्याचा दोष पुन्हां मुलाच्याच माथीं येतो.

असाच प्रश्न ‘ल’ आणि ‘श’ यांचा. देवनागरीचें उत्तरेकडील वळण आणि मुंबईकडील वळण यांत कांहीं अक्षरें व आंकडे निरनिराळे आहेत. मराठी शाळेंत मूल दोन पाकळ्यांचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ गिरवितें. महाराष्ट्र शासनानें २००९ सालीं ठरविलेल्या प्रमाण वर्णमालेंत हींच रूपें मान्य केलीं आहेत. परंतु संगणकाबरोबर मिळणाऱ्या टाइपांत पुष्कळदां हिंदी वळण असतें. मांडणी करणाऱ्यानें लक्ष न दिल्यास तेंच पुस्तकांत उतरतें. मोठ्याला दोन्ही वळणें चालतात. पण पहिलींतील मुलानें पाटीवर एक ‘ल’ काढावा आणि पुस्तकांत त्याला दुसराच ‘ल’ भेटावा, हें त्याच्या दृष्टीनें विश्वासघातासारखें आहे. रघुनाथ जोशी यांनीं घडविलेला ‘मंगल’ हा टाइप मुळांत संगणकाच्या पडद्यासाठीं होता. तो आयता मिळतो म्हणून पुस्तकांत घालणें, हा त्याच्या कर्त्यावरहि अन्यायच होय. गेल्या दहा-बारा वर्षांत मुंबईच्या ‘एक टाइप’ या मंडळींनीं ‘मुक्ता’, ‘बलू’ अशीं देवनागरी वळणें तयार करून सर्वांस विनामूल्य खुलीं केलीं आहेत. म्हणजे निवडीला वाव नाहीं, ही सबब आतां उरलेली नाहीं. निवड करण्याची दृष्टि मात्र शिकवावी लागते.

अक्षरानंतर वाक्याची मांडणी. मराठी शब्दांना प्रत्यय चिकटून ते लांबत जातात. ‘शाळेमधल्यासुद्धां’ हा एकच शब्द अर्धी ओळ अडवितो. अशा स्थितींत ओळीचीं दोन्ही टोंकें सारखीं करण्याचा हट्ट धरला, तर शब्दांमध्यें भगदाडें पडतात किंवा शब्दाचे तुकडे करून ते पुढच्या ओळींत ढकलावे लागतात. मुलाच्या पुस्तकांत शब्द तोडूं नये. उजवी कड असमान राहिली तरी चालेल. त्याहून महत्त्वाचें म्हणजे ओळ अर्थाच्या सांध्यावर तोडावी. ‘काळ्या मांजरानें’ एका ओळींत आणि ‘सगळें दूध पिऊन टाकलें’ दुसऱ्या ओळींत, अशी मांडणी केली तर मूल श्वास घेतें तेथेंच अर्थहि विसांवतो. तेंच ‘काळ्या’ एका ओळीच्या शेवटीं आणि ‘मांजरानें सगळें’ पुढें, असें तोडलें तर वाचन अडखळतें. यासाठीं मांडणी करणाऱ्यानें संहिता मोठ्यानें वाचली पाहिजे. कवितेच्या ओळी कवि तोडतो. बालकथेच्या ओळी तोडण्याचें उत्तरदायित्व मांडणीकाराकडे आहे.

चित्रांविषयीं सांगण्यासारखें पुष्कळ आहे. परंतु अक्षराशीं संबंध येतो तेवढ्यापुरता नियम थोडका आहे. रंगीबेरंगी चित्रावर अक्षरें छापूं नयेत. छापावयाचींच तर त्या जागीं चित्र शांत ठेवावें. वाक्य आणि त्याचें चित्र एकाच दृष्टिक्षेपांत यावें. वाक्य या पानावर आणि चित्र पाठीमागें, असें झालें तर चित्र मदतीस येत नाहीं. आणि गोष्टींतला उत्कंठेचा क्षण पान उलटण्यापूर्वीं यावा. दाराआड कोण आहे, हें पान उलटल्यावरच दिसावें! कागदहि असा असावा, कीं मागच्या पानाचीं अक्षरें पुढें उमटून दिसूं नयेत आणि दिव्याची तिरीप चकाकूं नये. १९१३ सालीं इंग्लंडांत ब्रिटिश असोसिएशन या शास्त्रज्ञांच्या संस्थेच्या समितीनें शालेय पुस्तकें व मुलांची दृष्टि यांविषयीं अहवाल दिला. वय जितकें लहान तितकें अक्षर मोठें आणि ओळी विरळ असाव्या, व कागद चकाकणारा नसावा, हा त्याचा इत्यर्थ आजहि खोटा ठरलेला नाहीं.

मात्र जाणत्यांचे सारेच समज पारखल्याविना स्वीकारूं नयेत. इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठांत लिंडा रेनल्ड्स आणि सू वॉकर या विदुषींनीं २००० नंतरच्या वर्षांत लहान मुलांकडून निरनिराळ्या अक्षरवळणांची आणि अंतरांची पुस्तकें वाचवून घेतलीं. अक्षराला टोंकाशीं फांटे असावे कीं नसावे, यावरून मुद्रणकार वर्षानुवर्षें वाद घालीत आले. पण मुलांच्या वाचनांत त्यामुळें फारसा फरक पडलेला दिसला नाहीं. उलट मुलांना पानांतले भेद स्पष्ट दिसतात आणि त्यांना त्यांविषयीं मतहि असतें, हें त्यांतून ध्यानांत आलें. यांतून घ्यावयाचा धडा असा, कीं शेवटचा परीक्षक मूलच. तेव्हां वर्गांतील प्रत्येक विद्यार्थ्यानें आपलें नमुना-पुस्तक घेऊन शाळेंत जावें, मुलाशेजारीं बसावें आणि बोट कोठें थबकतें तेवढें मुकाट्यानें टिपून घ्यावें. शिकवूं नये, सुचवूं नये, आपल्या कलाकृतीचें समर्थन तर मुळींच करूं नये. तीन मुलें एकाच शब्दावर अडलीं, तर दोष त्या शब्दाच्या मांडणींत शोधावा. इंग्रजी मुलांवरून काढलेले निष्कर्ष देवनागरीला लावतांना तर हें अधिकच अगत्याचें आहे. कारण त्यांच्या अक्षरांना ना शिरोरेषा, ना मात्रा, ना रफार.

येथें प्रकाशकाची बाजू विसरून चालणार नाहीं. छपाईचा हिशेब फर्म्यांवर चालतो. सोळा पानांचा एक फर्मा धरला, तर बत्तीस पानांचें पुस्तक दोन फर्म्यांत बसतें. अक्षर मोठें करून ओळी विरळ केल्या आणि पानें चाळीस झालीं, कीं आणखी अर्धा फर्मा लागला, कागद वाढला, किंमत वाढली. पुस्तक महागलें तर तें थोड्याच घरीं जाईल, ही प्रकाशकाची भीति खोटी नव्हे. परंतु यावर तोड आहे. पान भरून जात असेल तर शब्द कमी करावे, पांढरी जागा कमी करूं नये. बालकथेंत दहा वाक्यांचें काम सहा वाक्यांत होत असेल, तर लेखकानें तीं चार वाक्यें सोडावीं. म्हणूनच लेखक, चित्रकार आणि मांडणीकार हे तिघे आरंभापासून एकत्र बसले पाहिजेत. लेखकानें हस्तलिखित संपवावें, चित्रकारानें चित्रें द्यावीं आणि उरल्या जागेंत अक्षरें कोंबण्याचें काम शेवटीं मांडणीकाराच्या गळ्यांत पडावें, या रीतीनें चांगलें पुस्तक क्वचितच होतें.

मराठींत मुलांसाठीं लिहिण्याची परंपरा भक्कम आहे. विनायक कोंडदेव ओक यांचें ‘बालबोध’ मासिक १८८१ सालीं निघालें, वासुदेव गोविंद आपटे यांचें ‘आनंद’ १९०६ सालीं. पाठ्यपुस्तक मंडळाचें ‘किशोर’ १९७१ सालीं. मुलांना काय सांगावें, याचा विचार या सर्वांनीं मनापासून केला. जें सांगावयाचें तें मुलाच्या डोळ्यांपर्यंत कसें पोंचवावें, याचा विचारहि त्याच तोलाचा मानला गेला, तर ती परंपरा पूर्ण होईल.

आईबापांच्याहि हातीं कांहीं आहे. पुस्तक विकत घेतांना मुखपृष्ठ पाहून भागत नाहीं. मधलें एक पान उघडावें. वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला भिडत नाहीं ना, ‘ध’ आणि ‘घ’ निराळे दिसतात ना, ‘ल’ शाळेंतलाच आहे ना, ‘दुसऱ्या’ या शब्दांतला ‘र’ जागेवर आहे ना, पाठीमागची शाई पुढें दिसत नाहीं ना, एवढें पाहण्यास दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाहीं. ग्राहक हें पाहूं लागला, म्हणजे दुकानदार पाहील. दुकानदार पाहूं लागला, म्हणजे प्रकाशकाला पाहावेंच लागेल.

आणि घरीं मूल वाचतांना अडखळलें, तर “नीट पाहून वाच” असें म्हणण्यापूर्वीं मोठ्यानें क्षणभर खालीं वाकावें, मुलाचें बोट जेथें थांबलें आहे तेथें स्वतः पाहावें. कदाचित् तेथें शाईनें बुजलेली एक बारीकशी फट दिसेल. तसें झालें तर शब्द मुलाला सांगावा, चूक पुस्तकाची आहे हेंहि सांगावें, आणि बोट पुढें चालूं द्यावें.